सोपं गणित

तुम्ही मोजायला सुरुवात कुठून करता? एकपासून? एकपासूनच का, असं तुम्हाला कधी कुणी भर वर्गात उभं करून विचारलंय?

मला विचारलं. उलटं विचारलं.

नववीचा जून होता. पनवेलची शाळा. गणिताच्या सरांनी चाचणी घेतली आणि पेपर गोळा करायला मला उठवलं. "मोज किती झाले," म्हणाले आणि फळा पुसायला वळले. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. एकेक पेपर उचलून बाजूला ठेवत मोठ्याने मोजायला लागले. लाभ, दोन, तीन, चार.

डस्टर थांबलं.

"काय म्हणालीस?"

काय चुकलं ते मला कळलं नाही. मोजताना कुणी मध्येच थांबवलं की आमच्याकडे पहिल्यापासून मोजतात. मी पेपर परत एकत्र केले. लाभ, दोन, तीन.

"लाभ? एक कुठे गेला? गावाला ठेवून आलीस?"

वर्ग हसला. पहिल्या बाकावर एका डॉक्टरचा मुलगा बसायचा. तो म्हणाला, "सर, क्ष बरोबर लाभ!" आता सरही हसले. हसत हसतच त्यांनी माझ्या हातातून गठ्ठा घेतला, त्या मुलाला दिला आणि म्हणाले, "तू मोज बाबा. हिला अजून एक येत नाही."

मी जागेवर जाऊन बसले. रडले नाही. कान गरम झाले, मग गार झाले. त्यानंतर बराच काळ मला काही वाटलंच नाही. हे मी नुसतं वाक्य म्हणून लिहीत नाही. खरंच काही वाटत नव्हतं. भूक लागायची, जेवायचे. बस यायची, बसायचे.

आम्ही आगरी. आमचं गाव पनवेल-उरण रस्त्यावरून आत, खाडीच्या अंगाला. आजोबांच्या वेळेपर्यंत मिठागर होतं. मिठाच्या टोपल्या मोजून द्यायच्या तेव्हा पहिल्या टोपलीला एक म्हणत नसत. लाभ म्हणत. खळ्यावर भात मापतानाही तसंच. पहिली पायली लाभ, मग दोन, मग तीन. मिठागर गेलं, भातशेती गेली, पण मोजणं राहिलं. आई तांदूळ मापताना आजही लाभ म्हणते. मी घरात तेच ऐकत मोठी झाले. शाळेत पाढे म्हणताना मी एक म्हणायचे. पण हातात वस्तू आली आणि मोज म्हटलं की तोंडातून लाभ यायचा. मला वाटायचं सगळे असंच मोजतात.

त्याच आठवड्यात सर वर्गात आले आणि म्हणाले, "मी नावं घेतो ती मुलं उभी राहतील." नावं घेतली. आडनावं तीच ती. पाटील, म्हात्रे, घरत, परत पाटील. दोघे आदिवासी वसतिगृहातले. आम्ही उभे राहिलो आणि एकमेकांकडे पाहिलं. सगळे गाववाले. पनवेलच्या जुन्या आळ्यांमधलं, डॉक्टर-वकिलांच्या घरातलं कुणीही उभं नव्हतं. त्यातल्या एकाला चाचणीत माझ्याहून कमी मार्क होते. तो बसून होता.

"तुम्हा लोकांना सरकारने सोपं गणित आणलंय," सर म्हणाले. "सामान्य गणित. बीजगणित नाही, भूमितीची कटकट नाही. सगळे पास होणार. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, तो तुमच्यामुळे खाली यायला नको. उद्या घरून सही आणा."

मी घरी सांगितलं. बाबा उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे कामाला होते. ते दमून आले होते. आईनेच विचारलं, "म्हंजे काय गं?"

"सोपा विषय दिलाय मला. सगळे पास होणार."

"बरे हाईत सर," आई म्हणाली. "पोरीची काळजी हाय त्यांना." तिने देवासमोर साखर ठेवली. बाबांनी सही केली. त्यांना सही करायला आवडायचं. सावकाश करायचे, खाली रेघ ओढायचे.

ती साखर मी खाल्ली.

आम्हाला कार्यानुभवाच्या खोलीत बसवलं. तिथे मोडकी शिलाई मशीन, लेझीम आणि गुंडाळलेल्या चटया ठेवलेल्या असत. खिडक्यांना काचा नव्हत्या. शिकवायला पीटीचे सर यायचे, तेही मॅचच्या दिवशी यायचे नाहीत. माझ्या शेजारी रेश्मा बसायची. ती उरणकडच्या कोळीवाड्यातली, पनवेलला मावशीकडे राहून शिकायची. तिचं तोंड कधी बंद नसायचं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बघ, आपला वर्ग एसी हाय. काचाच नायत." सगळे हसले. मीही हसले. समोरच्या इमारतीतून गणिताच्या सरांचा आवाज यायचा. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या पाहिजेत, असं ते ओरडून सांगत होते.

आता मला काय हवं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या खाडीचं पाणी बदललं होतं. वरून कारखान्यांचं पाणी यायचं. भरतीला किनाऱ्यावर पोट वर केलेले मासे लागायचे. पावसाळ्याआधी वास इतका यायचा की ओटीवर बसून जेवता यायचं नाही. माझा काका सरकारने घेतलेल्या जमिनीच्या आंदोलनात होता. तो पत्रकं घेऊन यायचा. पातळ गुलाबी, पिवळ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेली, शाई हाताला लागणारी. गावातल्या बायका ओटीवर जमायच्या आणि मी ती मोठ्याने वाचून दाखवायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. गोष्टीची पुस्तकं नंतर आली. संपादन, मोबदला, पुनर्वसन हे शब्द मला परी आणि राक्षस यांच्या आधी आले.

एका पत्रकात खाडीच्या पाण्याबद्दल होतं. पाणी तपासा, अशी मागणी होती. तपासायला बाहेरून माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली. काय निघालं ते गावाला कधीच कळलं नाही. एक म्हातारी मला म्हणाली, "तू शिक. तूच तपासून सांग काय हाय पान्यात." तिने सहज म्हटलं. माझ्या डोक्यात ते बसलं. मला सायन्सला जायचं होतं. पाणी तपासायला शिकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आणि मी सोपं गणित घेऊन बसले होते.

त्याचा अर्थ मला शाळेने सांगितला नाही. कामोठ्यात सांगितला गेला, तोही जाता जाता. माझी आत्या तिथे राहायची. तिच्या मुलाला क्लासहून आणायला मी गेले होते. खाली वडापावची गाडी, वर जिना, जिन्यात चपलांचा ढीग. क्लासवाले तरुण होते. मला म्हणाले, "तू कितवीला? गणित कुठलं?"

"सामान्य."

"मग सायन्स विसर," ते म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

मी त्यांचा फोन संपेपर्यंत उभी राहिले. मग विचारलं, "विसर म्हणजे?"

"अगं, सामान्य गणितवाल्यांना अकरावी सायन्सला घेत नाहीत. डिप्लोमालाही नाही. शाळेने सांगितलं नाही का? विषय बदलून घे. अजून बदलता येत असेल. सुरुवातीला देतात बदलून, नंतर नाही देत." मग माझ्या युनिफॉर्मकडे बघून म्हणाले, "लवकर जा."

मी रेश्माला सांगितलं. ती पहिल्यांदा गप्प बसली. मग म्हणाली, "माझी आय बोलेल, सोपा हाय तर कनाला सोडतेस? आनी मावशीच्या घरी राहून मी भांडू कशी? तू जा. तुला दिला तर मना पन मिलेल."

मी एकटीच गेले. गणिताचे सर स्टाफरूममध्ये चहा घेत होते.

"सर, मला नेहमीचं गणित पाहिजे. बीजगणित-भूमितीवालं."

"आता बदलता येत नाही. मुदत गेली."

"मुदत कधी होती, सर? आम्हाला सांगितली नव्हती."

"सांगितली असती तर काय दिवे लावणार होतीस?" त्यांनी कप खाली ठेवला. "हे बघ लाभ..." ते मला आता लाभच म्हणायचे, सगळी शाळा म्हणायची. "हे बघ, हा विषय तुझ्यासारख्यांसाठीच आहे. उगाच डोक्यावरून जाईल. जा वर्गात."

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक गोष्ट असायची. वरचा मजकूर बदलायचा, ती बदलायची नाही. तोंडी शब्दावर भरवसा ठेवू नका, जे सांगतील ते लेखी मागा. मी ती इतक्या वेळा वाचून दाखवली होती की ओटीवरच्या बायका माझ्याआधी म्हणायच्या. ज्यांची जमीन नुसत्या बोलण्यावर गेली त्यांचं हे शहाणपण. शाळेत त्याचा काही उपयोग असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, मग लेखी द्या."

"काय?"

"मला गणित का मिळणार नाही, ते लेखी द्या. मुदत कुठली, ती कुणी ठरवली, आम्हाला कधी सांगितली. सही करून द्या."

स्टाफरूममध्ये कुणाचा तरी चमचा बशीत पडला. माझा आवाज चढला नव्हता. चढवायला आत काही असावं लागतं. माझ्या आत काही नव्हतं. पत्रक वाचावं तसं मी ते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं.

बाबा यार्डातून थेट आले. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, चपलांना लाल माती. मुख्याध्यापिका बाई खुर्चीत. सर त्यांच्या बाजूच्या खुर्चीत. समोर दोन खुर्च्या रिकाम्या. बसा कुणी म्हटलं नाही. बाबा दाराच्या थोडे आत, पण पायपुसण्यावरच उभे राहिले, फरशीला माती लागू नये म्हणून.

"तुमची मुलगी शिक्षकांकडे लेखी उत्तर मागते," बाई म्हणाल्या. आवाज गोड होता. "हे वय आहे का तिचं? आम्ही तिच्या भल्याचंच बघतो ना? कोणी शिकवलं तिला हे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले.

"चुकलं तिचं, बाई. लहान हाय. माफ करा."

मी बाबांच्या हातांकडे बघत होते. त्या हातांची नखं काळी होती. ते हात सरांसमोर जोडलेले होते, आणि सर खिडकीतून मैदानाकडे बघत होते. त्यांना ते जोडलेले हात बघायचीसुद्धा गरज वाटली नाही.

बाई मला म्हणाल्या, "माग माफी."

मी म्हटलं, "लेखी द्या, बाई. तुम्ही दिलं की मी जाते."

बाबांचे हात तसेच राहिले. बाईंनी घंटी वाजवली आणि शिपायाला सांगितलं, यांना बाहेर सोडा.

आम्ही चालत एसटी स्टँडवर आलो. मार बसेल असं वाटलं. बसला असता तर चाललं असतं, निदान काहीतरी लागलं असतं. स्टँडवर बाबांनी दोन चहा घेतले. त्यांचा निम्मा झाला, तेव्हा बशीत बघत म्हणाले,

"मिठागर घेतला तवा साहेब ओटीवर येऊन बोलला, घरटी एक नोकरी देनार. तुजा आजा बसला होता, मी उभा होतो. बोलला तो. लिवला नाय. आमी मागला पन नाय. साहेबाला कसा मागाचा, असा वाटला आमाला."

उरणची बस लागली. माणसं चढली.

"मी हात जोडले ते सोड," बाबा म्हणाले. "मना तेवराच येतं. तू उद्या परत जा. माग."

मी परत गेले. यावेळी ऑफिसात नाही गेले. गणिताच्या तासाला उठले, कार्यानुभवाच्या खोलीतून बाहेर पडले, मैदान ओलांडलं आणि सरांच्या वर्गात जाऊन मागे भिंतीला टेकून उभी राहिले. माझं बाक आता दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं. सरांनी पाहिलं. "आली का लाभ?" कुणीतरी म्हणालं. सर फळ्याकडे वळले आणि शिकवू लागले.

रोज उभी राहिले. पावसाळा गेला, मी उभ्यानेच वही हातावर धरून लिहायचे. सरांनी मला कधी प्रश्न विचारला नाही. मी हात वर केला की त्यांची नजर माझ्या डोक्यावरून जायची. कुणी बस म्हणालं नाही. कुणी जा म्हणालं नाही. जा म्हणाले असते तर मी लेखी मागितलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी गणिताच्या हजेरीत माझं नाव आलं. सर वर न बघता म्हणाले, "शेवटच्या बाकावर जागा आहे."

शाळेने मला शेवटपर्यंत लिहून दिलं नाही. लिहून द्यावं लागू नये म्हणून गणित दिलं.

मी धावत कार्यानुभवाच्या खोलीत गेले. रेश्माला म्हटलं, आता तू माग. ती तिच्या आईला घेऊन आली. मासळीचा बाजार सोडून आलेली बाई, केसात अबोलीचा वळेसर. मुख्याध्यापिका बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की मुलगी हुशार आहे, सोप्या गणितात पहिली येईल, उगाच अवघडात घालून तिचं नुकसान करू नका. ती माउली बाईंच्या पाया पडून गेली. माझ्यामुळे त्या शिकल्या होत्या. आता त्या खुर्ची द्यायला लागल्या होत्या.

दहावीला मी गणितात नापास झाले.

हे मी लपवत नाही. मला अर्धं वर्ष उशीर झाला होता. घरी कुणी सांगणारं नव्हतं, वर्गात कुणी सांगत नव्हतं. भूमितीच्या पेपरला माझा हात चालला, बीजगणिताला थांबला. गुणपत्रिका सरांच्या हातून मिळायची होती. रांगेत माझा नंबर आला. सरांनी ती माझ्यापुढे धरली, पण सोडली नाही. दोघांच्या हातात एक कागद.

"घे," ते म्हणाले. "लेखी पाहिजे होतं ना तुला? मिळालं."

मागची रांग हसली. तीच मुलं, तोच हसण्याचा आवाज. नववीत कान गरम झाले होते. आता झाले नाहीत. मी कागद ओढून घेतला आणि वाचला. माझं नाव होतं, आईचं नाव होतं, गणितापुढे नापासाची खूण होती. मैदानात येऊन मी तो परत वाचला. आणि त्या दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी नीट कळलं. हे माझं होतं. मी पेपर लिहिला होता, मी चुकले होते, आणि कुठे चुकले ते मला माहीत होतं. नववीत मला न विचारता, मी काही लिहायच्या आधीच, उभं करून नापास केलं होतं आणि त्याला पास म्हणा असं सांगितलं होतं. त्यापेक्षा हे चाललं. माझ्या विषयात नापास व्हायचा हक्क माझा. तो मी कुणाला दिला नाही.

एका विषयात राहिलं तरी अकरावीला घेतात, असं कुणी म्हणालं. कॉलेजच्या खिडकीवर म्हणाले, सायन्सला नाही. तिथेही मी लेखी मागितलं. खिडकी बंद झाली. वर्ष गेलं. कामोठ्याच्या त्याच जिन्यावर, चपलांच्या ढिगात माझ्याही चपला पडल्या, आणि ऑक्टोबरला परत पेपर दिला. पास झाले. जेमतेम. पुढच्या जूनमध्ये सायन्सला गेले, माझ्याहून लहान मुलांच्या वर्गात.

रेश्मा पहिल्या झटक्यात पास झाली होती. शाळेने तिला गुलाबाचं फूल देऊन फोटो काढला, तो फलकावर लावला. ते फूल घेऊनच ती कॉलेजात गेली असावी असं मला नेहमी वाटतं. सायन्सच्या खिडकीवरच्या माणसाने तिची गुणपत्रिका पाहिली आणि परत दिली. आता ती उरणच्या बाजारात आईच्या शेजारी बसते. मागच्या वेळी भेटली तेव्हा बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"तू नापास झालीस नि आत गेलीस. मी पास झाले नि भायेर. हाय ना सोपा गनित?"

हसली. मी हसले नाही. तिच्यासारखं बोलायला मला जमत नाही, म्हणून मी हे लिहिते.

मी आता रसायनशास्त्र शिकते. खाडीचं पाणी अजून तसंच आहे. ते मी तपासणार आहे आणि त्यात काय निघालं ते लिहून गावाच्या चावडीवर लावणार आहे, माझ्या सहीने. तोवर माझ्या सरांना, बाईंना आणि त्या खिडकीवरच्या माणसाला मी माफ केलेलं नाही. माझ्या बाबांचे जोडलेले हात मी विसरणार नाही. आणि हातात वस्तू आली की मी लाभपासूनच मोजते, कॉलेजातसुद्धा, मोठ्याने.

हे वाचणाऱ्याला माझं एक काम आहे. जून येईल. तुमच्या चाळीत, तुमच्या गावात, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या घरात एखादी मुलगी असेल. तिला शाळेत उभं केलं असेल, सोपा विषय दिला असेल, घरी सही मागितली असेल. विचारा तिला. सही व्हायच्या आधी तिच्याबरोबर शाळेत जा. पुढे कुठलं दार बंद होणार, परत बदलायची मुदत कधीपर्यंत, हे विचारा आणि लेखी मागा. पाणी देतील, गोड बोलतील, उशीर झाला म्हणतील. लिहून मिळेपर्यंत निघू नका. खुर्ची दिली नाही तर उभे राहा.